आवंढा

स्पीकरमधल्या माणसानं आवंढा गिळला, आणि मेहरुननं मांडीवरची पर्स खांद्याला अडकवली. डब्यात एवढी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलेली दिसत नव्हती. समोरचा टकला गृहस्थ कानात मोबाइलची बोंडं घालून डोळे मिटून बसला होता, पलीकडे दोन पोरी एकाच मोबाइलवर वाकून हसत होत्या, आणि खिडकीबाहेर हिरवीगार, कुठंही माणूस नसलेली शेतं पळत होती. जर्मन भाषेतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. मुलीनं, मेहकनं, फोनवर दोन-तीन शब्द घोटून घेतले होते, त्यातला एक विमानतळावरच विसरला. पण आवंढा कळायला कुठली भाषा शिकावी लागत नाही. निदान बत्तीस वर्षं दौंड जंक्शनच्या माइकपुढं बसलेल्या बाईला तरी नाही. आधीच्या तीन स्टेशनांना यंत्रातली बाई बोलली होती. तिचं बरं होतं, तिला घसाच नव्हता. हा मात्र जिवंत माणूस होता, याच गाडीत कुठंतरी उभा राहून बोलत होता, आणि बोलता बोलता अडला होता. गाडी वेळेवर असली की सांगणारा मोकळ्या गळ्यानं वाक्य संपवतो, हे मेहरुनला पक्कं ठाऊक होतं. चाळीस मिनिटं लेट असली तरी गळ्याला काही होत नाही. पण गाडी रद्द झाली, पुढं जाणारच नाही, असलं काही सांगायचं असलं, की क्रमांक वाचून झाल्यावर घशात काहीतरी येऊन बसतं. खिडकीतून फलाटावरची माणसं दिसत असतात, त्यांच्या पिशव्या, त्यांची पोरं दिसत असतात, आणि आता आपण तोंड उघडलं की ती सगळी एकदम उठणार हे ठाऊक असतं. तिनं स्वतः असे किती आवंढे गिळले याची मोजदाद नव्हती. माइकचं बटण सोडून गिळायचा, मग बोलायचं, ही तिची खास युक्ती होती. या माणसाला ती युक्ती ठाऊक नसावी.

मेहरुन मूळची शिरूरची, आणि शिरूरला रेल्वे नाही. एसटी स्टँड आहे, पुणे-नगर रस्ता आहे, घोडनदी आहे, पण रूळ म्हणून काही नाही. लहानपणी तिला गाडी म्हणजे लाल एसटीच वाटायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत आली, तेव्हा दिवसभर भिंतीवरची भांडी थरथरायची आणि ती एकेक भांडं हातानं धरत बसायची. नवरा मेहमूद पॉइंट्समन होता. डबे जोडायचे, डबे तोडायचे हे त्याचं काम. तो हसायचा. म्हणायचा, "आगं, कितींदा धरशील? जंक्शन हाय हे. भांड्यास्नी सवय हाय, तू बी कर." तिनं सवय केली आणि वर आणखी पुष्कळ काही केलं. चुलीपुढं बसल्या बसल्या तिला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं, ही मालगाडी, हे इंजिन डब्यांना लागलं, ही नगरकडची आली, आता तिचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतील. मेहमूद शेजाऱ्यांना बोलवून बायकोची परीक्षा घ्यायचा आणि ती कधी चुकायची नाही. पुढं रेल्वेत भरती निघाली तेव्हा घरात कुणाला वाटलंही नव्हतं, पण तिनं अर्ज भरला. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, माइकवर मराठी स्पष्ट बोलता येईल ना? हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत होते, पण तिला वाटलं, कागदावरचं आपलं नाव वाचून त्यांनी तो जरा मोठ्यानं विचारला. तिनं टेबलावरचं वेळापत्रक उचललं आणि दौंडपासून खाली वाचत गेली: भिगवण, जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा; आणि मोहोळचा ळ तिनं असा काही लावला की साहेबांनी चहा मागवला. तो ळ तिला अजून आठवतो. तसा ळ तिनं नंतरही हजारदा लावला, पण पहिल्याची मजा वेगळी होती.

चेहरा कुणाला माहीत नव्हता, आवाज सगळ्या गावाला. एकदा मंडईत तिनं पाव किलो गवार मागितली, तर खाली मान घालून गवार निवडणारी भाजीवाली साळूबाई एकदम वर बघायला लागली. "या बया! तुमी त्या गाडीवाल्या बाई न्हाई का? आवो, मी रुळाच्या कडंलाच ऱ्हाती. तुमी पुन्याची गाडी म्हनला का मी चुलीवरचं दूध उतरिवती. येक दिस बी ऊतू गेलं न्हाई बगा." तिनं गवारीचे पैसे घेतले नाहीत. मेहरुन गवारीची पिशवी घेऊन घरी गेली ती मान ताठ ठेवूनच. या गोष्टी तिनं कुणाला सांगितल्या नाहीत असं नाही. सांगितल्या, आणि पुन्हा पुन्हा सांगितल्या. अभिमान होता तर लपवायचा कशाला? फक्त एका माणसापुढं तिला तो कधी मोकळेपणानं मिरवता आला नाही, आणि ते माणूस म्हणजे तिची धाकटी मुलगी मेहक.

शाळेतली पोरं मेहकला बघितली की नाकातून आवाज काढायची, गाडी क्रमांक म्हणायची. एक दिवस ती दप्तर फेकून म्हणाली, "तू करतीस तरी काय, अम्मी? तू नुसती वाचतीस. दुसऱ्यांनी लिव्हल्यालं वाचतीस. तुझं सोताचं काय हाय त्यात?" पंधरा वर्षांची होती. पोरं या वयात काहीही बोलतात आणि जेवणापर्यंत विसरतात. मेहकही विसरली असेल. मेहरुन विसरली नाही. त्यानंतर माइकवर बसली की कधीकधी समोरचा कागद तिच्याकडे बघतोय असं तिला वाटायचं. आपण खरोखर नुसत्या वाचतो काय? मग तिनं मुद्दामच कागद न बघता बोलायला सुरुवात केली, सगळे क्रमांक, सगळी स्टेशनं तोंडपाठ. तरी ते वाक्य गेलं नाही. कागद बघितला नाही म्हणून शब्द आपले थोडेच होतात? हेही तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते आत कुठंतरी कुसळासारखं राहून गेलं.

आता मेहक जर्मनीत नर्सिंग शिकत होती. हे तिसरं वर्ष. उर्सुला नावाच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी आपल्या घरातली वरची खोली तिला दिली होती, आणि पोरीच्या तोंडून ऐकून ऐकून या बाईंनी ठरवलं होतं, की मेहकच्या आईनं आपल्याकडे पाहुणी म्हणून तीन आठवडे यायचं. काय ऐकलं होतं ते मेहकनं फोनवर सांगितलं तेव्हा मेहरुननं तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. "मी सांगितलंय त्यांना, माझी अम्मी जंक्शन चालवायची. जगातल्या कुठल्या बी गाडीत बसवा, ती हरवायची न्हाई." तीच पोरगी. तेच तोंड. मात्र आईला विमानतळावर उतरवून घ्यायला ती येऊ शकत नव्हती. त्याच दिवशी दुपारपर्यंत तिची परीक्षा होती. ती म्हणाली, विमानतळावर सोबतीला माणूस मिळतो, सांगून ठेवते. मेहमूदचा जीव तर आठ दिवस टांगणीला लागला होता. "आगं, परका मुलूख. तिथं कोन तुला वळखतंय? पोरीची परीक्षा झाली का येईल ती, तवर बस की तिथंच. यकटी कशापाई?" मेहरुननं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "मी एकटी जानार. दोन गाड्या तर हायत. बत्तीस वर्सं लोकास्नी गाड्या दावल्या, मला नगा दावू." तिच्या बोलण्यातली खोच मेहमूदला कळली नसेल, पण तो माळ्यावरची सुटकेस काढायला उठला. चार वाजून बारा मिनिटांनी त्या छोट्या गावाच्या फलाटावर, कुणीही हात न धरता, आपल्या पायानं उतरायचं. मेहकनं जे सांगून ठेवलं होतं ते तिला खरं करून दाखवायचं होतं. उर्सुलाबाईंना नव्हे, मेहकलाच.

आणि पहिली गाडी तर अगदी लीलया बदलली. फलाट कुठला, डबा कुठला, सगळं तिनं फळ्यावरून वाचून काढलं. कुणाला काही विचारलं नाही. उलट एका म्हातारीनंच तिला काहीतरी विचारलं, तर हिनं आकडा बघून तिला बरोबर गाडीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या गाडीत खिडकीशी जागा मिळाल्यावर मेहरुननं पदर सारखा केला आणि मनातल्या मनात मेहमूदला म्हटलं, बघा. आता पन्नास मिनिटं राहिली होती, चार-पाच स्टेशनं. आणि मग हा आवंढा.

गाडी हळू होत होती. मेहकनं सांगितलं होतं, "इकडं कवा कवा एकाच गाडीचे दोन भाग होतात, अम्मी. पुढचा येका गावाला, मागचा दुसऱ्या." तेच असणार. मागचे डबे इथंच तोडणार, आणि ती बसली होती मागच्या डब्यात. ही आपल्या घरची गोष्ट, मेहमूदनं जन्मभर केलेली. आपल्याला नाही कळणार तर कुणाला? तरी तिनं समोरच्या गृहस्थासमोर हात हलवला. त्यानं एका कानातलं बोंड काढलं. "प्रॉब्लेम?" तिनं स्पीकरकडे बोट करून विचारलं. तो हसला, "नो प्रॉब्लेम" म्हणाला, आणि बोंड परत घातलं. ज्यानं ऐकलंच नाही त्याचं काय ऐकायचं! पोरींकडे तिनं बघितलं, त्या अजून हसत होत्या. अख्ख्या डब्यात आपण एकट्याच ऐकणाऱ्या आहोत, या विचारानं तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो अभिमान. गाडी थांबली. दार उघडलं. तिनं सुटकेस ओढली, फलाटावर उतरली आणि चाकं खडखडवत पुढच्या डब्यांच्या दिशेनं झपाझप निघाली.

पुढं दोन डबे ओलांडल्यावर ती थबकली. फलाटावर गणवेशातली चार माणसं उभी होती. एका बाईच्या हातात फुलांचा गुच्छ होता, एकानं पुठ्ठ्याची पाटी धरली होती, तिच्यावर मोठ्ठा आकडा: ४१. गाडीतून टोपीवाला, लालबुंद चेहऱ्याचा, पोट सुटलेला गार्ड उतरला आणि त्या बाईनं त्याला मिठी मारली. दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. तो रुमाल शोधत होता आणि सापडत नव्हता. पाटीवरचं बाकीचं तिला वाचता येत नव्हतं, वाचायची गरजही नव्हती. एक्केचाळीस वर्षं. शेवटची ड्युटी. दौंडला ड्रायव्हरची शेवटची गाडी आली की इंजिनाला झेंडूच्या माळा चढतात, फलाटावर हलगी वाजते, गुलाल उधळतात, बायकोला इंजिनाच्या पायऱ्या चढवून फोटो काढतात आणि गाडीतल्या लोकांनाही पेढे वाटतात. मेहमूदला तर पोरांनी कॅबिनपासून कॉलनीपर्यंत खांद्यावरून आणलं होतं आणि तो वरून ओरडत होता, "आरं, हळू, कंबर मोडंल माझी." इथं गुलाल नव्हता, हलगी नव्हती, एक गुच्छ आणि एक पुठ्ठा. पण गोष्ट तीच होती. डबेबिबे कुणी तोडत नव्हतं. गाडी नीट होती, जायची तिथंच जाणार होती. त्या माणसानं माइकवरून आपल्या प्रवाशांचा निरोप घेतला होता, एवढंच, आणि कुणी मान वर केली नव्हती.

मेहरुनला तिथंच, परक्या फलाटावर, स्वतःचा शेवटचा दिवस दिसला. अकरा महिन्यांपूर्वीचा. ऑफिसात शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, साहेब चांगलं बोलले. पण फलाटावर तिच्यासाठी कुणी नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. आवाजाला हार कुठं घालणार? शेवटची घोषणा पुण्याच्या डेमू गाडीची. ती संपल्यावर तिनं बटण पुन्हा दाबलं. लाल दिवा लागला. वाक्य आठ दिवस तयार होतं, स्वयंपाकघरात भांड्यांपुढं म्हणून झालं होतं: इतकी वर्षं बोलत होते ती मी, मेहरुन, उद्यापासून दुसरं कुणी बोलेल, सांभाळून जा. एवढंसं वाक्य. खाली फलाटावर शे-दीडशे माणसं आणि लाल दिवा. तिनं आवंढा गिळला आणि बटण सोडलं. गाडीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, हे तिनंच नव्या पोरींना शिकवलं होतं. अकरा महिने ती स्वतःला सांगत आली होती, की ही शिस्त. बत्तीस वर्षांत एक शब्द जादा बोलले नाही, बघा. याचाही तिला अभिमान होता. आणि आता हा जाडा, रडवेला माणूस बघताना तिला स्वच्छ कळलं, की शिस्तबिस्त काही नव्हती. ती घाबरली होती. ते वाक्य कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती बोलली नव्हती. पोरगी पंधराव्या वर्षी बरोबर बोलली होती. हे इतकं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच तिला या माणसाचा विलक्षण अभिमान वाटला, सख्ख्या भावाचा वाटावा तसा. कुणी ऐको न ऐको, बेट्यानं सांगितलं तरी.

तिनं सुटकेस उभी केली आणि टाळ्या वाजवायला लागली. एकटीच. मोकळ्या फलाटावर टाळ्या मोठ्या वाजतात. गणवेशातली माणसं वळून बघायला लागली. साडी नेसलेली, कानाला रुमाल बांधलेली एक सावळी बाई कुठून उगवली आणि का टाळ्या वाजवतेय, हे त्यांना कळेना. मग ती माणसंही वाजवायला लागली. टोपीवाला तिच्याकडे बघत राहिला. "ऐकलं मी, दादा," ती मराठीत म्हणाली, माइकवर बोलायची त्या आवाजात, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून. "सगळं ऐकलं." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं टोपीला हात लावला, छाती पुढं काढली, घड्याळ बघितलं आणि गाडीत चढला. दारं पी पी पी करून मिटली. गाडी हलली. काचेमागून त्याचा हात हलताना तिला दिसला, मग तो टकला गृहस्थ दिसला, अजून डोळे मिटलेलाच, आणि मग शेवटच्या डब्याचा लाल दिवा. मेहरुन हात हलवत होती. दिवा वळणाआड गेला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की त्या गाडीत आपण असायला हवं होतं.

तिला हसू आलं. एकटीच मोठ्यानं हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं मान वर करून बघितलं. घड्याळात तीन चोवीस. फळ्यावर पुढची गाडी चार चोवीसला, याच फलाटावर. म्हणजे पोचायला पाच बारा. चार वाजून बारा मिनिटांनी दार उघडणार आणि त्यातून ती उतरणार नव्हती. मेहक फलाटावर उभी असणार, शेजारी उर्सुलाबाई, आणि जंक्शन चालवणारी बाई एका लांबलचक नावाच्या स्टेशनावर सुटकेस घेऊन उभी! फोन करायचा की नाही? न केला तर पोरगी घाबरून मरेल. केला तर... तिनं फोन केला.

"अम्मी! परीक्षा झाली. आमी निघालोय स्टेशनवर. बसलीस ना नीट?"

"उतरले मी."

"उतरलीस? कुठं?"

मेहरुननं स्टेशनच्या पाटीवरचं नाव एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून वाचून दाखवलं.

"आगं, ते न्हाई आपलं! कुनी उतरिवलं तुला? काय झालं? कुनी काय बोललं का?"

"कुनी न्हाई. माझी मी उतरले," मेहरुन म्हणाली, आणि सगळं सांगितलं. आवंढा, गुच्छ, एक्केचाळीस, टाळ्या. आपल्या शेवटच्या दिवसाचं मात्र सांगितलं नाही. ते फोनवर सांगायचं नव्हतं. बोलताना तिला वाटत होतं, आता पोरगी हसेल, किंवा चिडेल. मेहक दोन्ही करत नव्हती. पलीकडून मोटारीच्या आवाजात एका बाईनं काहीतरी विचारलं.

"उर्सुला इचारतीया काय झालं," मेहक हळू आवाजात म्हणाली. "अम्मी, ऐक. मी तिला सांगते गाडी लेट झाली. इकडं बी होत्यात लेट, कुनाला काय वाटत न्हाई. तू कायबी काळजी करू नगंस. तुझं नाव जानार न्हाई."

तुझं नाव जाणार नाही. पोरगी आईची लाज राखायला निघाली होती. केवढी मोठी झाली! मेहरुनला एकदम तिला जवळ ओढून घ्यावंसं वाटलं. आणि सोपं होतं. नुसतं हं म्हणायचं होतं. बत्तीस वर्षं तिनं दुनियेच्या उशिराची दिलगिरी आपल्या तोंडानं व्यक्त केली होती, आता एकदा आपला उशीर गाडीच्या नावावर घातला तर कुणाचं काय जात होतं? पण ती गाडी तिच्या डोळ्यांदेखत ठरल्या मिनिटाला सुटली होती. त्या माणसानं नाक पुसलं, घड्याळ बघितलं आणि शेवटची गाडी वेळेत सोडली. त्याच्या एक्केचाळीस वर्षांच्या शेवटच्या दिवसाला आपल्यासाठी एका तासाचा डाग? छे. मेहरुननं पाठ ताठ केली आणि घसा खाकरला.

"गाडीचं नाव घिऊ नगंस, मेहक. सांग त्यास्नी, गाडी टायमात हाय. बाई लेट हाय. आन् का लेट हाय, ते बाई सोता येऊन सांगंल, तिच्या सोताच्या शब्दांत."